शंका-समाधान : समुद्रावरची रात्र आणि कॉकपिटमधल्या पाळ्या

महासागर ओलांडणाऱ्या उड्डाणांत वैमानिकांचं वेळापत्रक कसं बसवतात, यावर वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नियम देशोदेशी वेगळे असतात. उत्तरात मोघमपणा नको, म्हणून जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथले आकडे अमेरिकेच्या ‘भाग ११७’ या नियमावलीतले आहेत. ती जानेवारी २०१४ पासून लागू आहे.

प्रश्न : चौदा तासांच्या उड्डाणात तेच दोन वैमानिक सलग बसून असतात का?

नाही, तशी परवानगीच नाही. दोघांच्या जोडीला एका ड्यूटीत जास्तीत जास्त ८ किंवा ९ तास उड्डाण करता येतं. ८ की ९, हे हजर होण्याच्या वेळेवर ठरतं. पहाटे ५ ते संध्याकाळी ७.५९ या वेळेत हजर झाल्यास ९, एरवी ८. तिसरा वैमानिक घेतला की मर्यादा १३ तासांवर जाते आणि चौथा घेतला की १७ वर. त्यामुळे १४ तासांच्या उड्डाणाला चारजण लागतात. यातले तास फक्त हवेतले नसतात. विमान उड्डाणासाठी स्वतःच्या जोरावर हललं तिथून उतरून थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरतात.

ड्यूटीचा हिशेब याहून वेगळा. तो विमानतळावर हजर होण्याच्या वेळेपासून विमान शेवटचं उभं राहीपर्यंत चालतो. दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात, आणि त्यांतली जी आधी आडवी येईल ती खरी.

नियमावलीतल्या मर्यादांच्या कोष्टकांत समुद्राचा रकाना मात्र नाही. वाळवंटावरून नऊ तास उडालात काय आणि पॅसिफिकवरून उडालात काय, तास तेवढेच. फरक आहे तो चूक सुधारण्याच्या सोयीत. जमिनीवरून जाताना काही बिनसलं तर वाटेत एखादा विमानतळ सापडतो. समुद्राच्या मध्यावर जवळचा विमानतळ दोन-तीन तासांवर असू शकतो. तेव्हा वैमानिकाला झोप कधी लागेल आणि कधी लागणार नाही, याचा विचार रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, बनवतानाच झालेला बरा.

प्रश्न : तीन वैमानिक असतील तर विश्रांती वाटून कशी घेतात? सरळ तीन भाग करतात का?

बहुतेकदा तिथूनच सुरुवात होते, पण गोष्ट तिथे संपत नाही. एक उदाहरण मांडून बघू. सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या, निघण्याच्या ठिकाणच्या.

हजर होण्याची वेळ १८.००. विमान गेटवरून निघणार १९.१५ ला, उडणार १९.३० ला, उतरणार ०४.५० ला आणि गेटवर थांबणार ०५.०० ला. गेट ते गेट ९ तास ४५ मिनिटं झाली, म्हणजे दोघांच्या ९ तासांपेक्षा जास्त. तिसरा वैमानिक हवाच.

उडल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि उतरण्याआधीची साधारण ५० मिनिटं तिघेही कॉकपिटमध्ये असतात. उरले २०.०० ते ०४.००, आठ तास. तीन सारखे भाग केले तर प्रत्येकी २ तास ४० मिनिटं :

पहिली पाळी २०.०० ते २२.४०,
मधली २२.४० ते ०१.२०,
शेवटची ०१.२० ते ०४.००.

आता नियम बघा. जो वैमानिक विमान उतरवणार, त्याला ड्यूटीच्या उत्तरार्धात सलग २ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. उतरताना त्याच्या शेजारी बसून लक्ष ठेवणाऱ्याला सलग ९० मिनिटं. ड्यूटी १८.०० ते ०५.००, म्हणजे ११ तासांची, आणि तिचा मध्य २३.३० ला येतो. उतरवणाऱ्याने मधली पाळी घेतली तर त्याच्या वाट्याला उत्तरार्धातला २३.३० ते ०१.२० एवढाच वेळ येतो, १ तास ५० मिनिटं. नियमात दहा मिनिटं कमी पडली! कागदावर तीन भाग अगदी सारखे असूनही वाटणी चुकीची ठरते.

उपाय दोन. उतरवणाऱ्याला शेवटची पाळी द्यायची, किंवा वाटणी थोडी विषम करायची : २०.०० ते २२.३०, २२.३० ते ०१.३०, ०१.३० ते ०४.००. मधल्या पाळीत आता उत्तरार्धातले बरोबर दोन तास बसतात. पण ‘बरोबर दोन तास’ म्हणजे हाताशी काहीच शिल्लक नाही. वारा अनुकूल नसेल आणि विमान पंधरा मिनिटं उशिरा पोहोचणार असेल, तर ड्यूटी लांबते, तिचा मध्यही साडेसात मिनिटं पुढे सरकतो आणि दोन तास पुन्हा अपुरे पडतात. म्हणून जाणता कॅप्टन उड्डाणाआधी ताज्या वाऱ्यांवरून काढलेली वेळ घेऊनच वाटणी करतो. कंपनीच्या वेळापत्रकात छापलेल्या वेळेवर विसंबत नाही.

कोणती पाळी चांगली, हा वेगळाच विषय. रात्री आठला बंकमध्ये, म्हणजे विमानातल्या झोपण्याच्या कप्प्यात, जाणाऱ्याला बहुतेकदा नुसतं पडून राहावं लागतं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर हट्टाने जागं असतं. त्या वेळी अंधार, उशी, पांघरूण सगळं असलं तरी झोप लागत नाही. शेवटच्या पाळीत झोप गाढ लागते, पण तिथून उठून थेट उतरण्याच्या तयारीला बसायचं असतं. मधली पाळी सगळ्यांना हवी असते. बऱ्याच ठिकाणी उतरवणारा आधी निवडतो आणि उरलेल्या पाळ्या बाकीचे आपसांत ठरवतात. हे ठरवणं गेटवर, निघण्याआधी झालेलं बरं. हवेत गेल्यावर चर्चा सुरू झाली की पहिल्या पाळीतली वीस मिनिटं तिथेच जातात.

प्रश्न : ते झोपतात कुठे? प्रवाशांच्या आसनांवर वैमानिक झोपलेला पाहिल्याचं आठवतं.

तसं असू शकतं, आणि ते नियमात बसतं. विश्रांतीच्या जागेचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे कॉकपिट आणि प्रवासी कक्ष दोन्हींपासून वेगळी, सपाट झोपता येईल अशी जागा. तिथलं तापमान राखलेलं असावं, दिवा झोपणाऱ्याच्या हातात असावा आणि आवाज अडवलेला असावा. दुसरा वर्ग म्हणजे प्रवासी कक्षातलं सपाट किंवा जवळजवळ सपाट होणारं आसन, भोवती निदान पडदा हवा. तिसऱ्या वर्गात किमान ४० अंश मागे झुकणारं आणि पायांना आधार देणारं आसन येतं.

हा भेद नुसता सोयीचा नाही, तो तासांत मोजला जातो. वरच्याच उदाहरणात १८.०० ला हजर झालेल्या तिघांना पहिल्या वर्गाची जागा असेल तर १५ तासांची ड्यूटी चालते, दुसऱ्या वर्गात १४, तिसऱ्यात १३. त्यामुळे बंकमधली गरम हवा बंद पडणं ही वैमानिकाची कुरकुर म्हणून सोडून देता येत नाही. जागा वर्गाच्या व्याख्येत बसेनाशी झाली की ड्यूटीची मर्यादा खाली येते, आणि आधीच उशीर झालेलं उड्डाण त्या एका बिघाडामुळे अडकू शकतं.

बंकमधली झोप घरच्यासारखी मात्र नसते. हवा कोरडी, सततची घरघर, विमान हलत असेल तर पट्टा बांधून झोपायचं. अडीच तासांच्या पाळीत कपडे बदलणं, पडल्यावर झोप लागणं आणि उठून भानावर येणं वजा करा. हाती दीड तास झोप लागली तर पाळी चांगली गेली म्हणायची.

प्रश्न : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपकडे जाणारी विमानं बहुतेक रात्रीच का निघतात? परतीची दिवसा का?

मुळात ही प्रवाशांची सोय. संध्याकाळी निघून सकाळी पोहोचायचं. पण आता उत्तर अटलांटिकवरची सगळी व्यवस्थाच विमानांच्या या रात्री-दिवसाच्या भरती-ओहोटीवर बसवलेली आहे. तिथे वाऱ्यांचा अंदाज घेऊन रोज समांतर मार्ग आखले जातात. पश्चिमेकडचे मार्ग ३० अंश पश्चिम रेखांशावर ११.३० ते १९.०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) या वेळेसाठी असतात आणि पूर्वेकडचे ०१.०० ते ०८.०० यूटीसीसाठी. पूर्वेकडे जाताना उंचावरचा वेगवान पश्चिमी वारा पाठीशी असतो, म्हणून ते मार्ग त्या वाऱ्याच्या पट्ट्यात धरतात. परतताना त्याच पट्ट्याला वळसा घालायचा.

वेळापत्रकाशी याचा संबंध असा. पाठीशी वारा असल्याने न्यू यॉर्क ते लंडन हे अंतर सात तासांच्या आसपास उरकतं, म्हणून दोन वैमानिक पुरतात. लंडनहून न्यू यॉर्कला आठच्या जवळ लागतात. ते उड्डाण दिवसाचं असल्यामुळे ९ तासांची मर्यादा मिळते आणि तिथेही दोघांवर भागतं. आणखी पूर्वेकडच्या शहरांना मात्र ही मर्यादा नेमकी टोचते. संध्याकाळी ७.४५ ला हजर होणाऱ्या जोडीला ९ तास मिळतात, ८.१५ ला हजर होणाऱ्या जोडीला ८. गेट ते गेट सव्वाआठ तासांचं उड्डाण असेल तर हजेरीच्या अर्ध्या तासाच्या फरकावर तिसरा वैमानिक लागणार की नाही हे ठरतं. काही उड्डाणांच्या वेळा अमुकच का, याचं कोडं कधीकधी इथे सुटतं.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर दोघांनी रात्रभर जागून सकाळी उतरवायचं हे काम चौघांच्या चौदा तासांपेक्षा जड आहे. तास कमी, पण झोपेला जागाच नाही. शरीराच्या घड्याळात पहाटे २ ते ६ हा सर्वांत मंद काळ असतो, आणि पूर्वेकडच्या अटलांटिक उड्डाणाचा शेवट नेमका त्यातच येतो. बाहेर ऊन असतं, डोळ्यांत पहाटेचे तीन.

प्रश्न : मग दोघांपैकी एकाने खुर्चीतच डुलकी घेतली तर?

युरोपीय नियमांत याला मान्यता आहे, अमेरिकेत नाही. मान्यता असली तरी ती शिस्तीत घ्यावी लागते. एका वेळी एकानेच झोपायचं, काम हलकं असताना. जागा असलेला सगळं हाती घेतो, केबिन क्रूला कळवलेलं असतं आणि ठरलेल्या वेळेने संपर्क होत राहतो, म्हणजे दुसऱ्यालाही डुलकी लागली तर ते कळतं. एकूण वेळ साधारण ४५ मिनिटांच्या आत ठेवतात. त्याहून लांबवली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो. उठल्यावर निदान २० मिनिटं त्याच्यावर कोणतंही काम टाकत नाहीत.

या पद्धतीमागे नासाने पॅसिफिक ओलांडणाऱ्या वैमानिकांवर केलेला प्रयोग आहे. त्यांना ४० मिनिटांची संधी दिली, त्यात झोप सरासरी २६ मिनिटं लागली, आणि उतरण्याच्या टप्प्यातली त्यांची सतर्कता न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. आमचं मत विचाराल तर ठरवून घेतलेली डुलकी नकळत लागलेल्या डुलकीपेक्षा केव्हाही बरी. ही गोष्ट पूर्वनियोजित विश्रांतीच्या जागी मात्र धरता येत नाही. रोस्टर आखतानाच ‘डुलकी घेतील’ असं गृहीत धरणं हा दुरुपयोग आहे.

प्रश्न : समुद्रावर तर ऑटोपायलटच उडवतो. जागं राहून करायचं काय?

काम विखुरलेलं असतं, आणि कंटाळ्याचा धोका त्यातूनच येतो. महासागरी मार्गावरचे बिंदू सहसा दहा-दहा रेखांशांवर असतात. उत्तर अटलांटिकच्या अक्षांशांवर एक बिंदू ते दुसरा हे अंतर ४० ते ५० मिनिटांचं. प्रत्येक बिंदूआधी पुढच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश, दिशा आणि अंतर कागदाशी ताडून बघायचं. बिंदू ओलांडल्यावर वेळ आणि इंधन नोंदवायचं. साधारण दहा मिनिटांनी प्रत्यक्ष जागा नकाशावर टाकून विमान खरोखर नव्या दिशेने चाललंय ना, याची खात्री करायची. रडार नसलेल्या भागात विमान उपग्रहामार्फत आपली जागा कळवतं आणि नियंत्रकाचे संदेश पडद्यावर लिखित येतात. शिवाय लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ असतोच, पण त्याची खरखर सतत ऐकावी लागू नये म्हणून सेलकॉल वापरतात. आपल्या विमानाचा संकेत वाजला की घंटी होते. महासागरात शिरताना ती घंटी वाजते का हे तपासून घ्यायचं असतं, आणि विसरण्यासारखं काम नेमकं हेच.

चुका बहुतेकदा मार्ग बदलल्यावर होतात. एकजण बंकमध्ये असताना नियंत्रकाने नवा मार्ग दिला, एकाने आकडे भरले, दुसऱ्याने ओझरतं पाहिलं. तासाभराने पाळी बदलते आणि बंकमधून आलेल्याच्या डोक्यात अजून जुनाच मार्ग असतो. म्हणून पाळी सोपवताना पाच गोष्टी तोंडी सांगतात : मार्ग बदलला का, पुढचा बिंदू आणि त्याची वेळ, नियोजनाच्या तुलनेत इंधन किती, वाटेतल्या पर्यायी विमानतळांचं हवामान, आणि समान-वेळ बिंदू कुठे आहे.

हा शेवटचा बिंदू म्हणजे जिथून मागचा आणि पुढचा विमानतळ सारख्याच वेळाच्या अंतरावर असतो. तो मध्यावर नसतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकलेला असतो. समजा दोन विमानतळांत १८०० नॉटिकल मैल आहेत, समोरच्या वाऱ्यामुळे पुढे जाण्याचा वेग ४०० नॉट आणि मागे वळलात तर ५००. बिंदू ९०० वर येत नाही, १००० मैलांवर येतो : मागे १००० मैल २ तासांत, पुढे ८०० मैलही २ तासांत. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाला संकटाच्या क्षणी हे गणित करायला लावू नये, म्हणून ते आधीच मांडून ठेवलेलं असतं. शक्य असेल तर पाळीची अदलाबदल या बिंदूजवळ किंवा महासागरात शिरताना ठेवू नये, असं आमचं मत. मध्ये कुठेतरी, काही घडत नसताना बदल केलेला बरा.

प्रश्न : उड्डाणाला तीन तास उशीर झाला तर तेच वैमानिक जातात का?

कधी जातात, कधी नाही. मघाच्या उदाहरणातल्या ११ तासांच्या ड्यूटीत वैमानिक हजर झाल्यावर तीन तास उशीर झाला तर ती १४ तासांची होते. पहिल्या वर्गाचा बंक असेल तर १५ च्या आत, काही अडचण नाही. तिसऱ्या वर्गाचं आसन असेल तर मर्यादा १३, म्हणजे एक तासाची वाढ लागेल. उड्डाणाआधी अशी वाढ जास्तीत जास्त २ तासांची मिळते, तीही कॅप्टन आणि कंपनी दोघांची संमती असेल तरच. ३० मिनिटांपेक्षा मोठी वाढ एकदा वापरली की सलग ३० तासांची विश्रांती होईपर्यंत पुन्हा वापरता येत नाही. कॅप्टन नाही म्हणू शकतो. शिवाय प्रत्येक वैमानिकाला उड्डाणाआधी आपण ड्यूटीला तंदुरुस्त असल्याचं नोंदवावं लागतं. थकलो आहे असं एकाने सांगितलं की त्याला नेता येत नाही.

उडल्यावर अनपेक्षित काही घडलं, तर सुरक्षित उतरेपर्यंत मर्यादा ओलांडायला मुभा आहे. पण उडण्याआधीच ओलांडणार हे दिसत असेल तर निघता येत नाही. धावपट्टीच्या रांगेत अडकलेलं विमान परत गेटवर येतं, त्यामागे कधीकधी हे कारण असतं. प्रवाशांना ते ‘तांत्रिक कारण’ वाटतं.

प्रश्न : उतरल्यावर एक दिवस मुक्काम मिळतो. तेवढ्यात शरीर त्या देशाच्या वेळेला सरावतं का?

नाही. ढोबळमानाने दिवसाला एखादा तास शरीर सरकतं. पश्चिमेकडे जाताना थोडं लवकर, पूर्वेकडे जाताना उशिरा. नियमही हे मान्य करतात. ६० रेखांशांपेक्षा दूर गेलेला वैमानिक नव्या प्रदेशाला सरावला असं मानायला तिथे ७२ तास काढलेले असावेत किंवा ड्यूटीतून सलग ३६ तासांची मोकळीक मिळालेली असावी. तोवर त्याच्या ड्यूटीच्या मर्यादा जुन्या ठिकाणच्या घड्याळाने मोजतात. म्हणजे तिथे दुपारी २ ला हजर झालेला वैमानिक कोष्टकात रात्रीच्या रांगेत बसू शकतो.

चोवीस तासांच्या मुक्कामात नव्या वेळेला जुळवून घेण्याचा प्रयत्न करू नये, हा अनुभवी लोकांचा शिरस्ता. सकाळी उतरल्यावर दोन-तीन तासच झोपायचं, गजर लावून. मग उन्हात फिरून यायचं आणि मुख्य झोप रात्री घ्यायची. आल्याआल्या सहा तास झोपलात तर रात्री छताकडे बघत पडावं लागतं आणि परतीची ड्यूटी झोपेविना सुरू होते. कॉफीचंही गणित आहे : असर सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि साधारण पाच तासांनी शरीरात निम्मी उरलेली असते. बंकमध्ये जाण्याच्या चार तास आधीची कॉफी म्हणजे आपल्याच पाळीवर पाणी सोडणं.

घरापासून सलग १६८ तासांहून अधिक काळ दूर राहून ६० रेखांशांपेक्षा लांब प्रवास झाला असेल, तर परतल्यावर किमान ५६ तास विश्रांती द्यावी लागते, तीही तीन रात्री पुऱ्या होतील अशी.

प्रश्न : महिन्यात तीन-चार फेऱ्याच करतात असं ऐकतो. मग एवढी सुट्टी?

चौदा तासांच्या मार्गावर तीन फेऱ्या म्हणजे ८४ तास. चार केल्या तर ११२ होतील, आणि २८ दिवसांत १०० ची मर्यादा आहे. ३६५ दिवसांत १०००. युरोपात त्याखेरीज एका कॅलेंडर वर्षात ९००. मधल्या दिवसांतला बराच भाग शरीर पूर्ववत होण्यात जातो, त्याला सुट्टी म्हणणं धाडसाचं आहे.

उलट त्यांची अडचण वेगळीच असते. नियमाप्रमाणे ९० दिवसांत ३ उड्डाणं आणि ३ उतरणी स्वतःच्या हाताने झाल्या पाहिजेत. महिन्याला तीन फेऱ्या धरल्या तर तीन महिन्यांत जाता-येता मिळून १८ खेपा, प्रत्येक खेपेत उतरवणारा एकच आणि वैमानिक चार. सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार येतात. पण सरासरी सारखी वाटली जात नाही, आणि नेहमी जादा वैमानिक म्हणून जाणारा कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) सहज तीनच्या खाली येतो. हजारो मैल समुद्र ओलांडूनही त्याच्या नावावर एकही उतरणी नसते. मग रोस्टरमध्ये त्याला सिम्युलेटरचा दिवस लावतात आणि तिथे तो आपली तीन उड्डाणं आणि तीन उतरणी पुऱ्या करून घेतो.